जीवाश्माला आईचं नाव

उल्हासनगरात माझं सूक्ष्मदर्शक दुरुस्तीचं दुकान आहे. गिऱ्हाईक बहुतेक पॅथॉलॉजी लॅबवालेच. एकदा मात्र बदलापूरहून साठीच्या एक बाई आल्या, निवृत्त संशोधक. रिक्षातून त्यांनी आपला जुना सूक्ष्मदर्शक मांडीवर धरून आणला होता.

दुरुस्ती झाल्यावर त्यांनी पर्समधून एक काचपट्टी काढली, चष्मा कपाळावर सरकवला आणि बराच वेळ डोळा लावून बसल्या. मग म्हणाल्या, "बघा." मला एक गोल, काटेरी, पिवळसर कवच दिसलं. समुद्रात तरंगणाऱ्या एकपेशीय जिवाचं, कोट्यवधी वर्षांपूर्वीचं. त्यांना ते मिळालं तेव्हा ही जात कुणीच नोंदवली नव्हती, असं त्या म्हणाल्या.

"म्हणजे शोध तुमचा?"

"सापडलं मला. पण एकच होतं. लोक शंका घेतील म्हणून दुसरं शोधत राहिले. यंदा परदेशातल्या कुणीतरी त्याचं वर्णन छापलं. जो आधी छापतो, त्यानं दिलेलंच नाव राहतं."

"तुम्ही काय नाव देणार होतात?"

"आईचं. अंबरनाथ एमआयडीसीत पॅकिंगला होती ती. त्यावरच शिकवलं मला. शेवटी अंथरुणावरून विचारायची, 'लागलं का गं माझं नाव त्याला?' मी म्हणायचे, थांब आई, अजून एक मिळू दे."

समजूत घालायची म्हणून मी म्हणालो, "पण मॅडम, एकाच नमुन्यावर छापता येत नसेल ना?"

त्या काचपट्टी रुमालात गुंडाळत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "येतं हो. तेव्हाही येत होतं."