अण्णाने बसवलेलं इंजिन

नव्वदच्या दशकात मी बेंगळुरूच्या एका कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसला होते. यंत्रांच्या सुट्या भागांची ड्रॉइंग्ज काढणं हे माझं काम. माझा थोरला भाऊ, अण्णा, याच शहरात पंप विकणाऱ्या कंपनीत फिरतीवर होता. आम्ही बेळगावकडचे. हेब्बाळला दोन खोल्या भाड्याने घेऊन भाऊ-बहीण राहत होतो. वडील गेल्यावर काकांचा विरोध पत्करून त्यानेच मला डिप्लोमाला घातलं होतं, त्यामुळे त्याच्या शब्दापुढे मला दुसरा शब्द नव्हता.

एके दिवशी अण्णाने लष्कराच्या लिलावातली जुनी जीप घरी आणली. वरचं कापडी हूड फाटलेलं, पण चासी, म्हणजे खालचा सांगाडा, धडधाकट. इंजिन मात्र पेट्रोल भरमसाट प्यायचं आणि चढ आला की दम टाकायचं.

"यात डिझेल इंजिन बसवू," अण्णा म्हणाला. "मी इंजिन शोधतो, तू ड्रॉइंग काढ. झालं की दोघं डोंगरात जाऊ. चालवायची तू."

मला तेवढं पुरलं. त्याने भंगारात निघालेल्या एका गाडीचं डिझेल इंजिन मिळवलं आणि अंगणात विटांवर ठेवलं. मग माझे सगळे रविवार त्याच्याभोवती गेले. नव्या इंजिनाची आणि जुन्या गिअरबॉक्सची भोकं जुळत नव्हती. दोघांच्या मध्ये बसवायला एक जाड लोखंडी प्लेट हवी होती. मी पुठ्ठा कापून भोकं उतरवून घेतली. पुठ्ठे बिघडत गेले, पुन्हा कापले. इंजिनाचा मध्य आणि गिअरबॉक्सचा मध्य एका रेषेत आला नाही तर क्लच टिकला नसता. अण्णा चहा घेऊन शेजारी बसायचा आणि म्हणायचा, "हे तुलाच जमणार." मला फार बरं वाटायचं.

प्लेटचं ड्रॉइंग पुरं झालं. इंजिन नेमकं किती उंचीवर बसवायचं, एवढं राहिलं होतं. डिझेल इंजिनाचं तळाचं ऑइल चेंबर खोल होतं. खड्ड्यात स्प्रिंग दबली की ते पुढच्या ॲक्सलवर आपटणार, हे माझ्या लक्षात आलं होतं. तेवढ्यात आईच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं आणि मला बेळगावला जावं लागलं.

निघताना मी म्हटलं, "अण्णा, उंचीचं माप अजून नक्की नाही. मी आल्याशिवाय काही करू नकोस."

"तुझ्याशिवाय कोण हात लावणार?" तो म्हणाला.

परतले तेव्हा अंगणात फक्त विटा होत्या. "गाडी गॅरेजला ठेवलीय," असं म्हणून त्याने विषय बदलला. त्याचं लग्न ठरत होतं, घरात गडबड होती. मीही खोदून विचारलं नाही.

साखरपुडा मुलीच्या घरी होता. माणसं मराठीच, पण पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरूत राहिलेली. "स्वल्प बसा, कॉफी घ्या," असं त्यांचं कन्नड मिसळलेलं बोलणं. शहराबाहेर आनेकलजवळ त्यांचा मळा होता. घराच्या फाटकातून आत शिरले तर आमची जीप समोर उभी, बॉनेटवर झेंडूचा हार. कोणीतरी ती सुरू करून दाखवत होतं; आतलं इंजिन डिझेलचं होतं, आवाजावरून कळलंच.

मुलीचे वडील पाहुण्यांना सांगत होते, "आमच्या जावईबापूंनी स्वतः ड्रॉइंग काढून इंजिन बदललंय. मळ्यासाठी दिली आम्हाला."

मी अण्णाकडे पाहिलं. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. मग बहुधा काहीतरी बोलायलाच हवं म्हणून म्हणाला, "हिची पण मदत झाली. पुठ्ठे वगैरे कापून द्यायची."

सगळे कौतुकाने हसले. मीही हसले. पेढा तोंडात तसाच राहिला.

परतताना रिक्षात मी म्हटलं, "ते ड्रॉइंग माझं होतं."

"घरातलंच ना? माझं काय, तुझं काय."

"मग माझं म्हणून का नाही सांगितलंस?"

"पहिल्या भेटीत गाडीचा विषय निघाला. मी बोलून गेलो. आता बहिणीने केलं म्हणून सांगू? काय म्हणतील मला?"

"ते अर्धवट होतं, अण्णा. चेंबर आपटेल."

"छान चालतेय," तो म्हणाला.

लग्नानंतर मळ्याच्या दगडी वाटेवर चेंबर फुटलं आणि सगळं तेल रस्त्यावर सांडलं. अण्णा जेवणाच्या सुट्टीत माझ्या कारखान्याच्या गेटवर आला. उंचीचं माप हवं होतं.

"मी मळ्यावर येते," मी म्हटलं. "गाडी बघून मोजते आणि तिथेच करून घेते."

"तू येऊ नकोस. नुसतं कागदावर लिहून दे."

"मग जमणार नाही."

"तू अशी वागशील असं वाटलं नव्हतं," तो म्हणाला आणि निघून गेला. हे वाक्य त्याने मला ऐकवावं, याचं मला आजही नवल वाटतं. दुपारभर मी बोर्डासमोर बसून होते, एक रेघ मारली नाही.

पुढे एकदा वहिनी सहज बोलून गेली, "जुनं पेट्रोल इंजिनच परत बसवलं की. डिझेल या गाडीला सोसत नाही म्हणाले हे." तिला खरं काही ठाऊक नव्हतं. मी सांगितलं, चेंबर, प्लेट, पुठ्ठे, सगळं. ती भाजी निवडत ऐकत राहिली. शेवटी "सरी," म्हणजे ठीक आहे, एवढंच म्हणाली आणि आत गेली.

इंजिनाची उंची बोटभर वाढवली असती तर गाडी धावली असती. मला मळ्यावर नेण्यापेक्षा ती बिघडलेली त्याला चालली.

त्यानंतर मी मारतहळ्ळीला मैत्रिणीबरोबर खोली घेतली. भाऊबीजेला अण्णा येतो, मी ओवाळते, तो जेवून जातो. घरच्या तब्येती विचारतो, नोकरीचं विचारतो. त्याच्याशी बोलताना मी प्रत्येक वाक्य आधी मनात तपासून घेते. पूर्वी तसं नव्हतं.