रुमालाचा धागा

बारा वर्षे मी एक गोष्ट लपवली. गोंदियाच्या वीजघरात नव्या ट्रान्सफॉर्मरचे तेल माझ्या तपासणीत नापास झाले, तेव्हा दोष तेलाचा नव्हता. माझा होता, आणि तो मला त्याच दिवशी कळला होता.

ट्रान्सफॉर्मरमध्ये तांब्याच्या तारांची वेटोळी तेलात बुडवलेली असतात. तेल त्यांना थंड ठेवते आणि विजेला भलतीकडे उडी मारू देत नाही. मात्र ते अगदी कोरडे आणि स्वच्छ हवे. आमचे मेस्त्री डोमाजी यांनी ते तीन दिवस फिल्टर-प्रेसमधून, म्हणजे भट्टीत सुकवलेल्या टीपकागदांच्या थरांतून, गाळले होते. नमुना तपासणे माझे काम. काचेच्या भांड्यात दोन पितळी गोळ्या समोरासमोर, मध्ये चार मिलिमीटरची फट. भांड्यात तेल भरून व्होल्टेज चढवायचे. तीस हजार व्होल्ट एक मिनिट सोसले, तर तेल पास.

त्या सकाळी भांडे पुसण्याचे चामडे सापडेना. मी खिशातला धुतलेला रुमाल वापरला. चौदा हजारांवरच ठिणगी पडली.

"मेस्त्री, तीन दिन क्या छाना?" सुपरिंटेंडेंट साहेबांनी विचारले.

"तेल कोरडं आहे साहेब. तापलेली सळाक बुडवून पाह्यली मी. पाणी असतं तं तडतडलं असतं."

"म्हणजे मशीन खोटी, तुझी सळाक खरी?"

"मशीनले कायले नावं ठेवू? या तपासणीवाल्या बाबूजीले म्हणा, अजून एकडाव पाहा."

साहेबांनी माझ्याकडे पाहिले. "जरूरत है?"

"नाही," मी म्हणालो.

डोमाजींची रवानगी बॉयलरच्या कोळशावर झाली.

सगळे गेल्यावर मी त्याच भांड्यात पुन्हा तेल भरले आणि व्होल्टेज अगदी हळू चढवले. खिडकीतल्या उन्हात केसाहून बारीक एक धागा तेलात तिरपा तरंगताना दिसला. पाहता पाहता तो वळला. कोणी स्पर्श केला नव्हता, तरी हाक ऐकल्यासारखा सरकत सरकत तो दोन गोळ्यांच्या मधोमध ताणून उभा राहिला. त्या पुलावरून ठिणगी गेली. इतकी वर्षे मी विजेची मोजमापे घेत होतो. तिला वाट बांधताना प्रथमच पाहिले. माझे हात जोडले गेले. साऱ्या गावाचे दिवे ज्या तेलाच्या भरवशावर लागायचे, ते माझ्या रुमालाच्या एका तंतूपुढे हरले होते.

भांडे त्याच तेलाने तीनदा विसळून मी पुन्हा तपासणी केली. तीस हजार. मिनिट सरले. तेल निश्चल.

हे साहेबांना सांगायला दहा पावले चालावी लागली असती. मी चाललो नाही. दुसऱ्या मेस्त्रीने तेच तेल पुन्हा गाळले, ते पास झाले, आणि डोमाजी कोळशावरच राहिले. पुढे वीजघरात वाईट तेलाला 'डोमाजीछाप' म्हणू लागले.

गेल्या महिन्यात एक नमुना नापास झाला. फिटर हसला, "डोमाजीछाप निघालं वाटते."

डोमाजी दारातच होते, हातात फावडे. "घ्या," ते म्हणाले, "मी कोळसा ओढून राहिलो, नाव अजून तेलातच पोहून राहिलं."

सारे हसले. साहेबही.

तपासणीच्या वहीत तेलाच्या दोषाचा रकाना असतो, तपासणाऱ्याच्या दोषाचा नसतो. तो मला तोंडानेच भरावा लागला. मी उठून सर्वांसमोर म्हणालो, "डोमाजी, त्या दिवशी तुमचे तेल उत्तम होते. भांडे मी रुमालाने पुसले होते. हे मला तेव्हाच कळले आणि मी गप्प बसलो. मला क्षमा करा."