जेवू घातल्यावर मागायचं नसतं

आमच्या गावातून नागपूरला जाऊन बी.ए. झालेला पहिला माणूस मी. हे मी मिरवूनच सांगतो. माझ्या बापानं एकट्यानं नांगर धरला तेव्हा मी तिथं वसतिगृहात बसून पुस्तकं वाचू शकलो, आणि जी गोष्ट दोघांच्या कष्टाची आहे ती लाजून कशाला सांगायची?

गाव पोंभुर्ण्याहून बैलगाडीनं अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. गावाच्या उशाशी तलाव, मालगुजाराच्या, म्हणजे गावच्या जमीनदाराच्या, कुण्या पूर्वजानं बांधलेला. त्याच्या पाळीच्या, म्हणजे मातीच्या बांधाच्या, पोटात एक दगडी मोरी होती, तिला आमच्याकडे तुडूम म्हणतात. तुडुमाचा लाकडी खुंट काढला की पाणी पाटात, आणि पाटातून धानाच्या बांध्यांत, म्हणजे बांध घातलेल्या शेतांत. खुंट कधी काढायचा हे गाव बसून ठरवायचं. आश्विनात धान गर्भात आलं की पहिलं पाणी. उन्हाळ्यात पाणी आटलं की ढिवरांची जाळी पडायची, आणि एक दिवस सगळं गाव, टोलीवरची गोंडांची घरंसुद्धा, चिखलात उतरून मासे धरायचं.

मालगुजारी गेली आणि तलाव सरकारचा झाला. पहिली दोनेक वर्षं कुणाला काही फरक कळला नाही. मग मासेमारीचा ठेका निघाला आणि तो बाहेरच्या एका ठेकेदारानं घेतला. तो माणूस हुशार. त्याच्यासारखे आणखी काही ठेकेदार मिळून वरचेवर नागपूरला जात. तेव्हा राजधानी तिथंच होती. साहेबांना भेटत, आमदारांना भेटत, आणि सांगत की गावकरी मनाला येईल तेव्हा पाणी सोडतात, मासे मरतात, सरकारचं उत्पन्न बुडतं, देशाला तर अन्न हवं आहे. यातलं काही अगदीच खोटं नव्हतं. पण ऐकणाऱ्यानं एवढंच ऐकलं. हुकूम निघाला: ठेका चालू असेतो चांद्याच्या, आताच्या चंद्रपूरच्या, कचेरीच्या परवानगीशिवाय तुडुमाला हात लावायचा नाही. कोतवालानं दवंडी दिली, आणि ज्या खुंटावर आमच्या आज्या-पणज्यांनी हात ठेवला होता त्याला कुलूप बसलं.

त्या वर्षी आश्विनात आम्ही परवानगी मागितली. ती आली तोवर लोंब्या वाळल्या होत्या. आमची बांधी पाटाच्या अगदी शेपटाला. बाबांनी एक लोंबी चोळली, फुंकर मारली, आणि हातात काही उरलं नाही. भरलेल्या तलावाखाली पोचट धान आम्ही पहिल्यांदा कापलं.

मी त्याच उन्हाळ्यात बी.ए.ची परीक्षा देऊन आलो होतो. पाळीवर बसून बाबांना म्हणालो, "पुन्हा एक वर्ष असं गेलं तर ही बांधी आपल्याला सोडावी लागेल."

"मले काऊन सांगतं?" बाबा म्हणाले. "मी का आंधळा हाय?"

शेजारी ढिवरपुऱ्यातली काकी उभी होती. बाजारोबाजारी मासे विकणारी, जिभेनं तिखट. ठेकेदारानं मासेमारीला आपली माणसं बाहेरून आणली होती, त्यामुळे तिच्या घरचं जाळं खुंटीला लागलं होतं. ती म्हणाली, "पाणी तुमचं गेलं, मासोळी माही गेली. त्यानं दोघाइले एकाच जाळ्यात धरलं ना, भाऊ."

गावानं ठरवलं की आमदारांना सांगायचं. हिवाळ्यात आमच्याकडे शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, भरायचा आणि आमदार त्याला येणार होते. बाबा म्हणाले, "घरी जेवाले बोलावू. मंग सांगू."

जेवण असं झालं की अजून आठवतं. अंगणात पाट मांडले. नव्या धानाचा, म्हणजे जेवढा हाती आला त्याचा भात, लाखोरीची डाळ, वडे, आणि काकीनं रांधलेली मासोळी. आमच्याच तलावातली, ठेकेदाराच्या माणसाकडून विकत आणलेली. आमदार पोटभर जेवले. पुन्हा भात घेतला. हात धुऊन पान तोंडात टाकताना त्यांनी स्वतःच विचारलं, "बरं, गावात काही अडचण वगैरे?"

मी बाबांकडे पाहिलं. बाबा म्हणाले, "काही नाई, सायेब. सारं बरं हाय."

मी तोंड उघडलं तर टोलीवरच्या म्हाताऱ्या आजोबांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तो दाबला. जीप धूळ उडवत गेली.

त्यानंतर मी जे बोललो ते बापासमोर बोलायचं नसतं. बाबांनी सगळं ऐकून घेतलं.

"घरी जेवलेल्या माणसाले मागाचं?" ते म्हणाले. "मंग ते जेवण कायचं? ते त दुकान झालं."

"मग बोलावलं कशाला?"

"बोलावलं तवा वाटलं, बोलू. तो जेवून राह्यला तवा नाई वाटलं."

काकी भांडी गोळा करत होती. "मासोळी मी रांधली, आन् मागणंही मीच गिळलं," ती म्हणाली. पण बाबा चुकले असं तीही म्हणाली नाही. गावात कुणीच म्हणालं नाही. ज्याच्या पोटात आपलं मीठ गेलं त्याच्याकडे हात पसरायचा नाही, ही आमच्याकडची रीत. कुणब्यांची, ढिवरांची, गोंडांची सारखीच. ठेकेदार मात्र आमदारांना जेवू घालताना काय काय बोलला असेल, ते कुलूप बघून कळत होतं.

राग उतरल्यावर मी विचार केला. रीत मोडायला हे लोक मरेतो तयार होणार नाहीत. मग रीत तशीच ठेवून मागता येईल अशी जागा शोधली पाहिजे. मी बाबांना विचारलं, "आपण त्यांच्या घरी गेलो तर?"

बाबांनी विडी विझवली. "त्याच्या घरी मागता येते. पण त्याचं काही खाल्लं नाई पायजे. खाल्लं का तोंड बंद."

उन्हाळ्यात आम्ही मूल स्टेशनातून छोट्या लाईनच्या गाडीनं नागपूरला गेलो. बाबा, काकी, टोलीवरचे आजोबा आणि मी. शिदोरी आणि पाण्याची सुरई बरोबर. आमदारांच्या बंगल्याच्या ओसरीवर आधीच गर्दी होती. कुणी बसमालक, कुणी कापडवाले, कुणी विडी-कारखान्याचे मुनीम. ज्याचं ज्याचं काही अडलं होतं त्याचं त्याचं माणूस तिथं बसलेलं. आता याला लॉबिंग असा शब्द आहे. मला तेव्हा शब्द माहीत नव्हता; एवढंच दिसलं की तुडुमाचा खरा खुंट या ओसरीवर आहे, आणि आजवर आमच्या गावाचं कुणी इथं बसलंच नव्हतं.

आमदारांनी आम्हाला ओळखलं. आत बसवलं, चहा आणि चिवडा मागवला. चौघांपैकी कुणी हात लावला नाही.

"घ्या ना," ते म्हणाले.

"मंग घेऊ, सायेब," बाबा म्हणाले.

"अहो, पाणी तरी?"

"पाणीबी मंग."

त्यांचा चेहरा उतरला. "मी तुमच्या घरी दोनदा भात वाढून घेतला. आणि तुम्ही माझ्या घरचं पाणी पीत नाही?"

काकीला राहवलं नाही. "तुमचं खाल्लं का आमचं तोंड बंद होते, सायेब. आम्ही बोलाले आलो. आधी बोलू द्या, मंग बशीसकट चिवडा खातो."

"मग तिकडे मी विचारलं तेव्हा का नाही बोललात?"

"तवा तुमच्या तोंडात आमचा भात होता ना," बाबा म्हणाले. "तुमाले नाई म्हणता आलं नसतं. असं कोणी अडवते का पाहुण्याले?"

आमदार आधी हसले. मग हसू थांबलं आणि त्यांनी चहाचे कप बाजूला सारले. "बोला," ते म्हणाले, आणि दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी ते स्वतः आम्हाला घेऊन हुकूम काढणाऱ्या साहेबांकडे गेले. तिथं बोलायचं काम माझं होतं, आणि मी ते चांगलं केलं. मी म्हणालो, "ठेकेदाराचं ऐकलंत यात काही वावगं नाही. तो आला, आम्ही आलो नाही. आज आलो आहोत. मासे जगण्याएवढं पाणी ठेवून उरलेलं आमच्या धानाला सोडता येतं, आमचे आजे तेच करत आले. विश्वास नसेल तर पाळीवर येऊन बघा." मधेच काकीनं जोडलं, "आन् आमचं जाळं काऊन बंद, तेही पाहा."

साहेब कमी बोलणारे होते. पण पावसाळ्याच्या तोंडावर त्यांचा माणूस खरंच आला, पाळीवरून फिरला, गावात बसला. त्याला जेवायला सगळं बोलणं झाल्यावर वाढलं. हुकूम बदलला. आश्विनापासून कापणीपर्यंत तुडूम गावच्या पंचांनी उघडावा, तळाचं पाणी राखावं. ठेका मुदत संपेपर्यंत ठेकेदाराकडेच राहिला. त्यानंतर गावच्या ढिवरांना आधी विचारणार, एवढं कबूल झालं. "म्हंजे माही मासोळी अजून दुसऱ्याच्याच जाळ्यात," काकी म्हणाली. पण तिनं जाळं खुंटीवरून काढून दुरुस्तीला घेतलं. ठेकेदार पुन्हा नागपूरला गेला. आम्हीही पुन्हा गेलो. ते जाणं-येणं पुढं चालूच राहिलं, राजधानी मुंबईला गेली तरी.

त्या आश्विनात खुंट निघाला तेव्हा मी पाळीवर थांबलो नाही. पाण्याबरोबर पाटाच्या काठानं चालत आमच्या बांधीपर्यंत आलो. पाणी वरच्या बांध्यांत रेंगाळत, बेडकं उठवत येत होतं. बाबा शेपटाला फावडं घेऊन उभे. तेवढ्यात वरच्या शेतावरून शेजाऱ्याचा आवाज आला की त्याची पाण्याची पाळी संपली नाही आणि आमच्या बाजूचा बांध कुणी फोडला.

बाबांनी ऐकलं आणि फावडं खांद्यावर घेतलं. चेहरा खुलला होता त्यांचा.

"चाल," ते मला म्हणाले. "आता सायबाशी नाई, आपल्याच माणसाशी भांडाचं हाय."