चार दिवस परत गेलेलं दूध

परवा लेकीनं चष्म्याचा नंबर बदलून आणला. घातल्यावर अंगणाची पायरी वर आल्यासारखी वाटली, म्हणून मी पाऊल उगाच उंच टाकलं. तेव्हा माझा पहिला चष्मा आठवला.

ते दुष्काळाचं साल होतं. नेकनूरजवळच्या आमच्या गावात मी सहकारी संस्थेत दूध तपासायचो. त्या आठवड्यात दोघा-तिघांचं दूध मी पातळ म्हणून परत केलं. एका म्हशीवर घर चालवणाऱ्या कोंडामावशीचं तर सलग चार दिवस. चौथ्या दिवशी ती हळूच म्हणाली, "प्यायला पाणी न्हाई, साहेब. दुधात कुठून घालू?"

ती गेल्यावर मी दुधातलं पाणी ओळखायचा लॅक्टोमीटर उजेडात धरला. त्याच्या रेघा एकमेकींत मिसळल्या होत्या. तसाच एसटीनं बीडला गेलो, डोळे तपासून घेतले. दोन दिवसांनी चष्मा लावून मावशीचं दूध पाहिलं. रेघ न रेघ सुटी दिसली. दूध चोख होतं.

"मावशी, चूक माझ्या डोळ्यांची व्हती."

रांगेतल्या सगळ्यांसमोर तिनं किटली संस्थेच्या कॅनमध्ये रिकामी केली. "डोळेच ना? मला वाटलं, तुमचं मनच फिरलं."

तेव्हा वाटलं, चूक कबूल करून सुटलो तो मीच. आता कळतं, चार दिवस पाणी घातल्याचा आळ सोसल्यावर सगळ्यांसमोर किटली रिकामी करताना तिला किती मोकळं वाटलं असेल.