शेजारचा ब्रेक

मास्तरांच्या हाताखालून निम्मं गाव गाडी शिकलं, पण त्यांची बायको मात्र बसथांब्यावर उभी असायची. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. कुणी चिडवलं की मास्तर म्हणायचे, "अहो, बाहेर दिवसभर मी ब्रेक मारतो, घरात ती मारते. तिला आणखी शिकवायचं काय?" लोक हसायचे, तीही हसायची. शिकायचं राहून जायचं. उद्या बघू, पुढच्या उन्हाळ्यात बघू, आधी लेकीचं शिक्षण होऊ दे. संसारात अशी बरीच वाक्यं फळीवर ठेवलेल्या बरण्यांसारखी असतात. आत काय आहे ते माहीत असतं, पण झाकण काढायला सवड नसते.

मास्तरांची ड्रायव्हिंग स्कूल होती. शिकाऊ माणूस चालकाच्या सीटवर बसायचा आणि मास्तर त्याच्या शेजारी. त्यांच्या पायाशी आणखी एक क्लच आणि आणखी एक ब्रेक. समोरचा आरसा शिकणाऱ्याचा, त्याच्या बाजूला चिकटवलेला छोटा आरसा मास्तरांचा. हात मांडीवर, नजर रस्त्यावर, पाय ब्रेकवर नुसता टेकलेला. त्यांचा आवाज कधी चढला नाही. रडकुंडीला आलेल्या पोरी, घामाघूम झालेले पेन्शनर, उगाच रुबाब करणारी पोरं, सगळ्यांना ते एकच सांगायचे: "घाबरू नका. गाडी तुमची, ब्रेक माझा."

मग विसरणं सुरू झालं. आधी चष्मा, मग नळ, मग शेजाऱ्यांची नावं. एकदा ते ओळखीच्याच चौकात हिरवा दिवा लागूनही थांबून राहिले. मागून हॉर्नचा कल्लोळ झाला आणि ते स्टिअरिंगकडे बघत बसले, हे कुणाचं आहे असा चेहरा करून. डॉक्टरांनी गाडी बंद केली. स्कूल विकली. घरची एक साधी गाडी उरली. तिची किल्ली लेकीनं आईच्या कपाटात, साड्यांच्या खाली ठेवायला लावली.

किल्ली गेली आणि मास्तर वाळत चालले. खिडकीशी खुर्ची टाकून बसायचे. रस्त्यावर एखादी गाडी वळणाला जोरात आली की त्यांचा उजवा पाय फरशी दाबायचा. दिवसभर दाबायचा. संध्याकाळी पोटरीत गोळे यायचे आणि बायको तेल लावून ती चोळून द्यायची. एका संध्याकाळी त्यांनी तिचा हात धरला. "मी कुणाला धडक दिली का गं?" त्यांनी विचारलं. "नाही हो." "मग मला का बसवून ठेवलंय?"

ती तेलाची वाटी घेऊन स्वयंपाकघरात गेली आणि ओट्यापाशी नुसती उभी राहिली. तिथं उभ्याउभ्याच तिच्या डोक्यात ते आलं. आपल्या गाडीला शेजारी ब्रेक बसवून घ्यायचा. ते चालवतील, मी शेजारी बसेन, पाय ठेवून. आजवर त्यांनी लोकांना सांभाळलं, आता मी त्यांना सांभाळेन.

मास्तरांच्या स्कूलच्या सगळ्या गाड्यांना जोडपेडल बसवणारा फिटर कारखान्यांच्या वस्तीत, पत्र्याच्या शेडमध्ये काम करायचा. तिचं ऐकून त्यानं हातातलं फडकं बराच वेळ घोळवलं.

"वहिनी, स्पष्ट बोलू? ब्रेक दाबायला ताकद लागत नाही. कधी दाबायचा ते कळावं लागतं. आणि ते कळायला आधी गाडी यावी लागते."

"शिकेन की."

"आणि खर्च? तुमच्या गाडीच्या खालची जागा अरुंद आहे. सगळा सांधा वेगळा बनवावा लागेल. कागदपत्रं बदलायची, तपासणी करायची. उगाच कमी सांगून तुम्हाला फसवणार नाही." त्यानं आकडा सांगितला. बँकेतली ठेव मोडली तर जेमतेम भागेल, एवढा होता.

ती ठेव लेकीनं मनात एका कामाला लावून ठेवली होती: दिवसा मास्तरांजवळ बसायला एक बाई ठेवायची. आईचं वय झालं होतं, कंबर धरत होती. लेक दुसऱ्या शहरात नोकरीला. तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं, आणि तीच तर अडचण होती. समोरचा चुकत असला की भांडता तरी येतं.

"आई, तुला झालंय काय?" लेक फोनवर म्हणाली. "बाबांना गाडी चालवायला द्यायला पैसे खर्च करायचे? लोक व्यसन सुटावं म्हणून खर्च करतात, तू लागावं म्हणून करतेस!"

"नुसतं बघून येते गं. बघायला काय पैसे पडतात?"

ती मास्तरांना घेऊन गेली. फिटरच्या शेडमागं आवार होतं. चहूबाजूंनी भिंत, मधे सिमेंटची मोकळी जागा, कडेला जुन्या टायरांचा ढीग. दुरुस्तीला आलेली एका ड्रायव्हिंग स्कूलची जोडपेडलची गाडी त्यानं तिथं काढून दिली. "इथंच फिरवा. दाराबाहेर नाही," असं तिला बजावलं आणि स्वतः दारात उभा राहिला.

मास्तर स्टिअरिंगवर बसले. ती शेजारी. तिचा पाय ब्रेकवर होता. मास्तरांनी किल्ली फिरवली, आणि काय सांगावं, गाडी लोण्यातून सुरी जावी तशी निघाली. एक फेरी झाली, दुसरी झाली. मास्तर गुणगुणत होते. तिला वाटलं, डॉक्टरांना काही कळत नाही. असं वाटण्यात एक सुख असतं, ते तिनं त्या दोन फेऱ्यांत पुरतं भोगून घेतलं.

तिसऱ्या फेरीला मास्तर टायरांच्या ढिगाकडे निघाले आणि वळलेच नाहीत. गुणगुणणं चालूच होतं. ढीग मोठा होत आला. शेवटी तिनं दोन्ही पाय ब्रेकवर आदळले. गाडी हिसका देऊन बंद पडली.

"अगं, मी थांबवणारच होतो!" मास्तर ओरडले.

ओरडले आणि गप्प झाले. कारण हे वाक्य त्यांचं नव्हतं. ते शिकाऊंचं होतं. मास्तरांनी ब्रेक दाबला की प्रत्येक शिकाऊ हेच म्हणायचा, त्याच सुरात, तसेच कान लाल करून. रात्री जेवताना मास्तर त्यांच्या नकला करून दाखवायचे. आता ते स्वतःच्याच आवाजाकडे वळून बघावं तसे बसले होते. हळूहळू त्यांचे हात स्टिअरिंगवरून खाली आले.

ते उतरले. गाडीला वळसा घालून तिच्या बाजूला आले. दार उघडून अदबीनं म्हणाले, "ताई, जरा पलीकडे सरकता? ही माझी जागा आहे."

तिला वाटलं, थट्टा करतायत. तिनं वर पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती. ओळखही नव्हती. तिथं एक मऊ, सभ्य परकेपणा होता. हा चेहरा तिनं कधी समोरून पाहिलाच नव्हता. तो शिकाऊंसाठी असायचा.

ती सरकली. मास्तर शेजारच्या सीटवर बसले, छोटा आरसा बोटानं किंचित फिरवला, पाय पेडलांवर टेकवले. तेवढ्यानं त्यांची पाठ सरळ झाली. खांदे जागेवर आले. माणूस आपल्या घरी पोचल्यावर जसा दिसतो तसे ते दिसायला लागले. खरंच, चालकाच्या सीटवर मास्तर आयुष्यात बसले होते तरी किती? त्यांचं सगळं जगणं शेजारच्या सीटवर झालं होतं. इतक्या वर्षांची बायको, पण ती चुकीच्या सीटसाठी रडत होती.

"नाव काय म्हणालात?"

तिनं नाव सांगितलं.

"छान नाव आहे," मास्तर म्हणाले. "घाबरू नका हं. गाडी तुमची, ब्रेक माझा. आधी आरसा बघा."

तिनं आरसा बघितला. डबडबलेल्या डोळ्यांना त्यात काही दिसलं नाही. पण क्लच दाबा म्हणाले तेव्हा दाबला, सोडा म्हणाले तेव्हा सोडला. गाडी चार हात उड्या मारत गेली आणि मास्तरांनी ती पाण्यावर होडी थांबावी तशी थांबवली. वेळेवर. एकदाही चुकले नाहीत. दारातल्या फिटरनं तोंड फिरवून नाक पुसलं.

त्या संध्याकाळी लेकीला तिनं काही लपवलं नाही. लेक आधी रडली आणि मग चिडली. "आई, तो माणूस गाडीत तुला ओळखत नाही. ताई म्हणतो! आणि त्यासाठी तू ठेव मोडणार?"

"घरात तरी नेहमी कुठं ओळखतात? काल मला विचारलं, तुम्ही कुणाकडे आलात. पण घरात मला ओळखत नाहीत तेव्हा स्वतःलाही ओळखत नाहीत. गाडीत निदान स्वतःला तरी ओळखतात."

"आणि तुझं काय?"

"मला गाडी येईल की," ती म्हणाली. लेकीला हसू आलं नाही, तिलाही नाही.

ठेव मोडली. गाडीला पेडलं बसली. मास्तरांजवळ बसायला बाई काही ठेवता आली नाही. तिनं कमरेला पट्टा आवळला आणि वेळ मारून नेली.

रोज सकाळी फिटर आवाराचं फाटक उघडून द्यायचा. घरून तिथवर गाडी त्याचा माणूस आणायचा, मास्तर मागं बसून यायचे, कुठं चाललोय म्हणून दहादा विचारत. आवारात आलं, शेजारच्या सीटवर बसले की विचारणं थांबायचं. मग त्यांचं सुरू व्हायचं. "नाव काय म्हणालात?" रोज ती सांगायची आणि रोज ते छान असायचं.

"घरी कोण कोण असतं?" एकदा त्यांनी विचारलं. शिकाऊचा हात सैल व्हावा म्हणून ते असं बोलत राहायचे.

"मिस्टर असतात. लेक बाहेरगावी."

"मिस्टर गाडी चालवतात?"

"चालवायचे. आता बरं नसतं."

"अरेरे. मग तुम्ही शिकताय ते बरंच. डावीकडे घ्या. त्यांना फिरवून आणा. माणूस घरात बसून कुजतो हो."

"हो," ती म्हणाली आणि डावीकडे घेतलं.

तिला येऊ लागलं. चांगलंच येऊ लागलं. आणि तिथं घोडं अडलं. मास्तरांचा एक नियम होता: ज्याला आलं त्याला मोकळं करायचं. तयार झालेल्या शिकाऊचे पैसे खाणं त्यांना पाप वाटायचं. तेव्हा ती मुद्दाम चुकायला लागली. क्लच एकदम सोडायची, गिअर खरखरवायचे, वळताना आरसा विसरायची. संसारात तिनं कधी खोटेपणा केला नव्हता. आता रोज सकाळी करत होती, आणि मास्तर न रागावता तोच धडा पहिल्यापासून सांगत होते. असा तो हिवाळा गेला. तिच्या आयुष्यात नवऱ्यानं तिच्याकडे इतकं लक्ष याआधी कधी दिलं नव्हतं.

एका सकाळी तिनं गाडी पुन्हा पुन्हा बंद पाडली. मास्तरांनी हात लांबवून किल्ली बंद केली.

"ताई, राग मानू नका. एक सांगतो."

"सांगा."

"तुमच्याच्यानं होणार नाही. सगळ्यांना सगळं येत नाही, त्यात कमीपणा नाही. मिस्टर आजारी आहेत म्हणालात मघाशी. त्यांच्या कष्टाचे पैसे असे घालवू नका. त्यांच्या औषधपाण्याला ठेवा. मी उद्यापासून येत नाही."

"अजून आठ दिवस शिकवा," ती म्हणाली. "पैसे माझे आहेत. मला परवडतं."

"मला नाही परवडत," मास्तर म्हणाले आणि उतरले.

धडा संपला की ते तसेच उतरून चालू पडायचे, पूर्वी, पुढच्या शिकाऊकडे. तसेच निघाले. फाटक उघडं होतं. फिटर आत वेल्डिंगच्या ठिणग्यांत होता, त्याला तिची हाक ऐकू गेली नाही. पट्ट्यात आवळलेली कंबर घेऊन ती धावू शकत नव्हती. फाटकापलीकडे मोठा रस्ता, मालवाहू गाड्यांचा. मास्तर त्याच्या कडेनं ताठ पाठीनं चालले होते, घराच्या उलट दिशेला.

तिनं किल्ली फिरवली. गाडी उडी न मारता निघाली. फाटकातून तिनं ती अंगही न घासता काढली, दोन्हीकडे बघितलं, एक ट्रक जाऊ दिला आणि रस्त्याला लागली. शेजारी कुणी नव्हतं. ती त्यांच्या बरोबरीनं हळू चालवत राहिली, काच खाली करून.

"अहो."

मास्तर थांबले. वाकून आधी चाकांकडे पाहिलं, मग तिच्या हातांकडे. स्टिअरिंगवर ते नीट, जिथं हवेत तिथं होते.

"छान आणलीत," ते म्हणाले. "कुणी शिकवलं?"

"मिस्टरांनी."

मागून ट्रक हॉर्न देऊन गेला. "चांगला माणूस दिसतोय," ते म्हणाले. "आम्हाला नाही जमलं. माझी बायको शिकते म्हणायची. राहूनच गेलं."

"तिला काही वाटलं नसेल हो."

"वाटलं असणार," मास्तर म्हणाले. "तुम्हाला काय माहीत?"

तिनं शेजारचं दार आतून उघडलं. "बसा. घरी सोडते."

त्यांनी ते दार हळूच लोटून बंद केलं आणि मागचं उघडलं. "मी मागं बसतो. पुढं तुमचे मिस्टर बसू देत."

ते मागं बसले. दार नीट लागलंय ना, हे तिनं आरशात बघून घेतलं, आणि गाडी घराकडे वळवली.