किल्लीमावशी आणि बारा फुटी टेबल

सभागृहाच्या किल्ल्या एकोणीस वर्षं कमरेला लटकवून हिंडणाऱ्या बाईचं नाव लोक विसरून गेले आणि तिला किल्लीमावशी म्हणू लागले. तिची त्याला हरकत नव्हती. नाव काय, सगळ्यांनाच असतं. दोनशे खुर्च्यांशी वैयक्तिक ओळख किती जणांची असते?

कोणती खुर्ची कुरकुरते, कोणत्या खुर्चीचा डावा पाय आखूड आहे, हे ती डोळे मिटून सांगायची. सभेत जो फार बोलायचा, त्याच्या वाट्याला ही आखूड पायाची खुर्ची हमखास यायची. तो तावातावानं पुढे झुकला की टक्, मागे रेलला की पुन्हा टक्. दहा मिनिटांत गृहस्थ गप्प. हा निव्वळ योगायोग आहे, असं मावशी कुणी विचारलं तर सांगायची.

पण देशानं जनतेचा कौल घेतला आणि आखूड पायाच्या खुर्च्या कमी पडू लागल्या. शेजारच्या देशांशी मोकळ्या ये-जेचा चाळीस वर्षांचा करार होता. तो मोडायचा की ठेवायचा, एवढाच प्रश्न. मतं पडली, आणि ‘मोडा’ची बाजू केसाच्या अंतरानं जिंकली. सरकार म्हणालं, सहा महिन्यांत मोडतो. मग म्हणालं, आणखी सहा. मग म्हणालं, मोडणं म्हणजे नेमकं काय ते ठरवायला समिती नेमतो. मोडावाले चिडले, की मोडत का नाही. ठेवावाले चिडले, की मोडत नाही तर मग ठेवत का नाही. दोघांच्याही सभा याच सभागृहात, एक दिवसाआड. मावशी खुर्च्या मांडायची, उचलायची, आणि दोन्हीकडचे टोमणे ऐकून घ्यायची. तिनं स्वतः कोणत्या बाजूला मत दिलं ते कुणालाच माहीत नव्हतं. “मत गुप्त असतं,” ती म्हणायची, “आणि ते आधी नवऱ्यापासून गुप्त असतं.”

खरी गोम घरात होती. नवरा घड्याळं दुरुस्त करणारा, मोडावाला. धाकटा भाऊ बसचा कंडक्टर, ठेवावाला. मेहुणे-मेहुणे असले तरी दोघांचं रोज संध्याकाळी बुद्धिबळ असायचं. भाऊ बावन्न वर्षांचा आणि चांगला गरगरीत, तरी नवरा त्याला बारक्याच म्हणायचा. कौलाच्या निकालादिवशी डाव अर्धा झाला असताना बारक्या म्हणाला, “भाऊजी, तुमच्या दुकानातली घड्याळं बंद, म्हणून देशही बंद पाडायचाय तुम्हाला.” नवरा म्हणाला, “आणि तू? जो चढेल त्याला तिकीट फाडून देणारा! तुला काय कळतं कुणाला आत घ्यायचं ते?” बारक्या उठला तो गेला. चौदा महिने झाले, फिरकला नाही. पट तसाच कोपऱ्यातल्या स्टुलावर, चाल बारक्याची. नवरा कुणाला हात लावू देत नसे. संध्याकाळी कामावरून आला की चहाचा कप घेऊन पटासमोर बसायचा आणि काहीच करायचा नाही.

मावशीला ते बघवत नसे. एका घरात हसणारी दोन माणसं होती, त्यातला एक गेला आणि उरलेलाही हसायचा थांबला, हे तिचं रडगाणं. पण कुणापुढे गाणार? नवऱ्याला म्हणावं तर तो म्हणे, “त्याला जीभ नाही?” भावाला म्हणावं तर तो म्हणे, “ताई, त्यांना जीभ नाही का?” जिभा दोघांनाही होत्या, सभेत हातभर बाहेर यायच्या.

अशात समितीचं पत्र आलं. सदस्य महाशय जनतेचं म्हणणं ऐकायला येणार. दोन्ही मतांचे लोक सभागृहाच्या दोन बाजूंना बसवावेत, मध्ये सहा फूट मोकळी वाट, समोर लांब टेबल. मावशीनं फूटपट्टी घेऊन वाट मोजली. आदल्या दिवशी दुसरं पत्र, सदस्य पुढच्या आठवड्यात येतील. खुर्च्या उचलल्या. पुढच्या आठवड्यात मांडल्या, तिसरं पत्र. उचलल्या. पुन्हा मांडल्या, चौथं पत्र. उचलल्या. चौथ्यांदा मांडताना ती सरकारबद्दल जे बोलली, ते दोन्ही बाजूंनी ऐकायला हवं होतं. आणि या वेळी सहा फुटांचे तिनं दीड फूट केले. कागदावर सहा लिहिलंय ना, मग कागद सहा फूट लांब बसेल.

त्या दिवशी दुपारी सभागृह खच्चून भरलं. डावीकडे नवरा, उजवीकडे बारक्या, मध्ये दीड फूट. दोघंही समोरच्या भिंतीकडे बघत होते, जणू तिच्यावर सिनेमा चाललाय. तासभर वाट पाहिली. मग एक कारकून आला, घाम पुसला आणि वाचून दाखवलं की सदस्य महाशय निकडीच्या कामात अडकले असून पुढील तारीख यथावकाश कळवण्यात येईल.

मग डावीकडचा एक ओरडला, “आम्ही काय रिकामटेकडे आहोत?” उजवीकडचा ओरडला, “बरोबर बोलला!” चौदा महिन्यांत एकमेकांना ‘बरोबर’ म्हणण्याची ती पहिली वेळ. कारकून मागच्या दारानं सटकला. पुढची दहा मिनिटं दोन्ही बाजू एका सुरात सरकारला शिव्या देत होत्या, आणि त्या गदारोळात मावशीनं मागच्या आणि पुढच्या दाराला आतून कुलूप घातलं.

“आता ऐका,” ती म्हणाली. “चौथ्यांदा मी एकटी उचलणार नाही. ज्यानं त्यानं आपली खुर्ची कोठीत नेऊन ठेवा, मग दार उघडते.”

शिव्या देऊन माणसं दमली होती; निमूट उठली. अर्ध्या तासात सभागृह मोकळं झालं, दार उघडलं, लोक पांगले. मावशीनं नवऱ्याला आणि बारक्याला मात्र हातानं थांबवलं. उरलं होतं टेबल. भांडणाआधी ते नेहमी हे दोघंच उचलायचे. बारा फुटी, भरीव लाकडाचं, कोठीच्या दारातून आडवं करूनच जाणारं. नवरा पुढचं टोक धरून उलटा चालायचा, कारण बारक्या उलटा चालला की चौकटीत अडकायचा. कोठीच्या उंबऱ्याशी एक पायरी होती. उलट्या चालणाऱ्याला ती दिसत नसे, म्हणून दाराशी उभी राहून मावशी दर वेळी ओरडायची, “पायरी!” वर्षानुवर्षं असंच चाललं होतं.

“ताई, दुसऱ्या कुणाला सांग,” बारक्या म्हणाला.

“दुसऱ्यांनी गेल्या महिन्यात चौकट सोलवटली. धरा.”

त्यांनी धरलं. निघाले. नवरा उलटा, गुडघा आधीच दुखरा, नजर वर छताकडे. बारक्या सुलटा, नजर टेबलावर. मावशी दाराशी. पायरी चार पावलांवर. तीन. शब्द तिच्या जिभेच्या शेंड्यावर येऊन बसला. तिनं किल्ल्यांचा जुडगा मुठीत आवळला आणि तोंड मिटून घेतलं. नवऱ्याचं काही मोडलं असतं तर तिनं स्वतःला जन्मभर माफ केलं नसतं, आणि तरीही ती गप्प राहिली. दोन पावलं. बारक्यानं तिच्याकडे बघितलं. ती छताकडे बघू लागली. एक पाऊल.

“पायरी, भाऊजी!” बारक्या किंचाळलाच.

टाच पायरीला लागायच्या आत नवरा थांबला. टेबलाच्या दोन टोकांना दोघं धापा टाकत उभे राहिले.

“ओरडतोस काय?” नवरा म्हणाला. मग टेबलावरची पकड सावरत, “बरं झालं ओरडलास.”

टेबल आत गेलं. बाहेर येताना नवरा हात झटकत म्हणाला, “चाल तुझी आहे. चौदा महिने विचाराला पुरले असतील.”

तिघं घरी आले. बारक्या बूट न काढताच स्टुलापाशी वाकला आणि त्याचा चेहरा बदलला. “भाऊजी, माझा उंट इथं नव्हता.”

“तुझा उंट सोड, माझा वजीर बघ. मला वाटायचं मीच विसरत चाललोय.”

दोघांनी हळूहळू माना वळवल्या. मावशी चहाचं आधण ठेवत होती.

“पाचव्या महिन्यात पडला पट,” तिनं पाठमोरीच सांगितलं. “धूळ पुसताना. जमेल तसे लावले मोहरे.”

“आणि नऊ महिने सांगितलं नाहीस?” दोघं एकदम ओरडले.

“कुणाला सांगणार? ऐकायला दोघं एका खोलीत होतात कुठं?”

तिला दोघांकडूनही भरपूर बोलणी बसली. एक बोलला की दुसरा “बरोबर आहे भाऊजी,” “बरोबर आहे बारक्या” म्हणायचा. मावशीनं तीन कप काढले आणि चहा गाळला.