जरीचा पिवळा

परवा मोरी धुवायला आणलेल्या नव्या औषधाचा उग्र वास नाकात गेला आणि बनारसचा आमचा छापखाना आठवला, कारण छपाईच्या प्लेटा धुताना तिथं अगदी असाच वास यायचा. नव्वदीचं दशक संपत आलं होतं, आणि बाबांनी एका साडीवाल्याच्या कॅटलॉगचं काम घेतलं होतं. जरीची तार न् तार दिसावी म्हणून तो धुळीसारख्या बारीक, विखुरलेल्या ठिपक्यांत छापायचा होता. छपाईत प्रत्येक रंगाची प्लेट वेगळी असते, आणि नव्या प्लेटांच्या दर खोक्यात ते ठिपके सारखेच उमटले नाहीत तर रंग डागाळतो, म्हणून उष्णतेनं ठिपके उमटणाऱ्या थर्मल प्लेटा मी स्वतः तपासून निवडल्या होत्या. छपाईच्या दिवशी घरी आलेल्या पाहुण्यांना घेऊन दशाश्वमेध घाटावर गेले, आणि परत येऊन बघते तर बाबांनी पिवळ्या रंगाला कोपऱ्यातल्या जुन्या, उरलेल्या प्लेटा लावून सगळा कॅटलॉग छापून टाकलेला! जरी ठिकठिकाणी विझली होती. "अगं, पिवळं कुणाच्या नजरेत येतं? सगळेच असं करतात," बाबा म्हणाले. "इथं पिवळा म्हणजेच सोनं आहे, बाबा!" मी सगळ्या कामगारांसमोर ओरडले, "परत छापा!" "आधी गिऱ्हाईक तर येऊ दे," ते म्हणाले. साडीवाला आला, पानं उलटली, आणि खूश होऊन म्हणाला, "वाह, एकदम पुरानी जरी लग रही है!" पुढचं कामही त्यानं तिथंच दिलं. बाबा माझ्याकडे बघून मिशीत हसले. तेव्हापासून आमच्याकडे पिवळ्याला उरलेल्याच प्लेटा लागल्या. आता बाबा नाहीत, छापखानाही नाही. पण तो कॅटलॉग हाती लागला तर मी आजही टराटरा फाडीन.